कमाल आणि किमान : रोजच्या तापमानाची नोंद

रोजच्या वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात दोन आकडे छापलेले असतात. एक कमाल तापमानाचा, दुसरा किमान तापमानाचा. मे महिन्यात आपण पहिला आकडा पाहून कपाळावरचा घाम पुसतो आणि पौषात दुसरा पाहून गोधडी अंगाभोवती आणखी ओढून घेतो. एवढे झाले की वर्तमानपत्र बाजूस पडते. परंतु हे आकडे कोठून आले, ते कोणी, कोणत्या साधनाने व किती वाजता घेतले आणि ते खरे कशावरून मानावयाचे, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो अवश्य विचारला पाहिजे. आकडा छापला गेला म्हणजे तो खरा ठरला, असे नाही. तापमानाचा एक चुकीचा आकडा जगभरच्या पुस्तकांत तब्बल ९० वर्षे मानाने मिरवत होता; आणि दुसरी एक नोंद अगदी खरी असूनही ती विद्वानांच्या गळी उतरण्यास पुष्कळ काळ लागला. या दोन्ही गोष्टी पुढे येतीलच. त्या समजण्यासाठी आधी नोंद कशी होते ते पाहू.

दिवसाचा जमाखर्च

सूर्य माथ्यावर येतो दुपारी बाराच्या सुमारास. मग सर्वांत अधिक उकाडा दोन-तीन वाजता का होतो? एका हौदाची कल्पना करा. हौदात वरून नळाचे पाणी पडत आहे आणि खालच्या भोकातून थोडे थोडे वाहून जात आहे. नळाची धार बारा वाजता सर्वांत मोठी असते व पुढे ती बारीक होऊ लागते. तथापि जोपर्यंत येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक आहे, तोपर्यंत हौदातील पातळी चढतच राहणार. जमीन व तिच्यालगतची हवा यांचे असेच आहे. सूर्याकडून येणारी उष्णता ही जमा आणि जमिनीने बाहेर टाकलेली उष्णता हा खर्च. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जमा व खर्च यांची बरोबरी होते आणि त्या वेळी तापमान कमाल असते.

सूर्यास्तानंतर जमा बंद पडते, पण खर्च रात्रभर चालूच राहतो. म्हणून सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसून पहाटेची, किंबहुना सूर्योदयानंतरच्या काही मिनिटांची असते. कोवळ्या किरणांची जमा खर्चाइतकी होईपर्यंत पारा खालीच सरकत असतो. भल्या पहाटे शाळेस निघणाऱ्या विद्यार्थ्यास हे निराळे सांगावयास नको.

कमाल व किमान यांतील अंतर सर्वत्र सारखे नसते. आपल्या माळव्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, पण पहाटे ते २५ अंशांपर्यंत उतरते. पठाराची उंची, कोरडी हवा व निरभ्र आकाश यांमुळे रात्री उष्णतेस वर जाण्याचा मार्ग मोकळा असतो. 'शबे मालवा' म्हणून माळव्याच्या रात्रीची जी ख्याती आहे, तिच्यामागे हेच शास्त्र आहे. उलट पणजीस त्याच महिन्यात दुपारी ३३ व पहाटे २६-२७ अंश, म्हणजे अंतर जेमतेम सहा-सात अंशांचे. समुद्र लवकर तापत नाही व लवकर निवतही नाही. शिवाय हवेतील बाष्प रात्री पांघरुणासारखे काम करते. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की गावाचा भूगोल असा बोलू लागतो.

आठवण ठेवणारा तापमापक

साध्या तापमापकाला स्मरणशक्ती नसते. तो फक्त या क्षणाचे तापमान सांगतो. दिवसभरात पारा कोठवर चढला व रात्री कोठवर उतरला हे त्यावरून जाणावयाचे, तर त्याच्यापुढे चोवीस तास डोळे लावून बसावे लागेल. यास्तव आपली आठवण स्वतःच राखून ठेवील असा तापमापक शोधून काढणे भाग पडले.

इंग्लंडातील जेम्स सिक्स याने १७८२ साली अशा एका तापमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकविलेली असून तिच्या दोन्ही भुजांत पाऱ्याच्या पुढे एकेक बारीक दर्शक असतो. पारा सरकला की तो दर्शकास पुढे ढकलतो. पारा मागे हटला तरी दर्शक आपल्या जागी राहतो. दर्शकाचे पाऱ्याकडील टोक जेथे असेल, तेथे वाचन घ्यावयाचे. हे 'पाऱ्याकडील टोक' वाचकांनी ध्यानात ठेवावे. नव्वद वर्षांच्या चुकीची किल्ली त्यात आहे.

वेधशाळांत मात्र दोन स्वतंत्र तापमापक रूढ झाले. कमाल तापमापकात पारा असतो आणि त्याच्या फुग्याजवळ नळीचा कंठ अतिशय अरुंद केलेला असतो. तापमान वाढले की प्रसरण पावणारा पारा त्या कंठातून जोराने पुढे जातो. तापमान उतरले की कंठापाशी पाऱ्याचा धागा तुटतो आणि नळीतील पारा होता तेथेच राहतो. ताप मोजण्यासाठी डॉक्टर काचेची जी नळी तोंडात ठेवीत, तिची रचनाही हीच. ती झटकून पारा खाली आणताना आपण वडीलधाऱ्यांना पाहिले असेल. वेधशाळेतील निरीक्षकही कमाल तापमापक तसाच झटकून पुन्हा सज्ज करतो. अशा प्रकारचा तापमापक लंडनच्या नेग्रेटी व झांब्रा या कारागिरांनी १८५२ साली प्रचारात आणला.

किमान तापमापकात पाऱ्याऐवजी मद्यार्क असतो. त्यात दोन्ही टोकांस गोंड्यासारखा फुगीर असा काचेचा एक बारीक दर्शक बुडालेला असतो. तापमान उतरले की मद्यार्क आकुंचन पावतो आणि त्याच्या पृष्ठभागावरील ताण दर्शकास फुग्याच्या दिशेने आपल्याबरोबर ओढून नेतो. तापमान वाढले की मद्यार्क दर्शकाच्या बाजूने पुढे निघून जातो व दर्शक मागे राहतो. पाण्याच्या पृष्ठभागावरून पळणारा किडा बुडत नाही, याचे जे कारण तेच येथे दर्शकास ओढण्याच्या कामी येते. फुग्यापासून दूरचे टोक जेथे असेल, ते रात्रीचे किमान तापमान होय. वाचन झाल्यावर फुगा वर करून नळी हळूच कलती केली की दर्शक घरंगळत मद्यार्काच्या टोकापाशी येतो व तापमापक पुढील रात्रीसाठी तयार होतो. हे दोन्ही तापमापक जवळजवळ आडवे ठेवतात. उभे ठेवले तर गुरुत्वाकर्षण त्यांच्या स्मरणशक्तीत ढवळाढवळ करील.

सावलीचे घर

तापमापक चांगला असला तरी तो कोठे ठेवला आहे यावर सारे अवलंबून असते. तो उन्हात ठेवला तर काच व पारा स्वतः ऊन शोषून तापतात. मग आपण हवेचे तापमान न मोजता तापलेल्या काचेचे तापमान मोजतो. 'उन्हात ५५ अंश होते' या विधानास शास्त्रात किंमत नाही, ती याच कारणाने. भिंतीला टांगला तर भिंतीची उष्णता, गच्चीवर ठेवला तर फरशीची उष्णता त्यात मिसळते.

या अडचणीवर स्कॉटलंडमधील टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्याने तोड काढली. ('ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच पुत्र.) त्याची लाकडी पेटी आजही जगभर 'स्टीव्हन्सन पेटी' म्हणून ओळखली जाते. तिच्या भिंती तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी झिलमिलीच्या असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन आत शिरत नाही. छप्पर दुहेरी असते. आतबाहेर पांढरा रंग असतो, कारण पांढरा रंग ऊन परतवून लावतो. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे ठेवतात, की ते उघडल्यावर सूर्यकिरण तापमापकांवर पडू नयेत. पेटी मोकळ्या, गवताळ जागी, झाडे व इमारती यांपासून दूर, आणि फुगे जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर येतील अशी उभी करतात. तिच्यात बहुधा चार तापमापक नांदतात : कमाल, किमान, हवेचे चालू तापमान दाखविणारा साधा, आणि ओल्या कापडात फुगा गुंडाळलेला चौथा, ज्यावरून हवेतील दमटपणा काढता येतो.

जगातील सर्व केंद्रे हे नियम पाळतात म्हणूनच इंदूरचा आकडा बेळगावच्या वा पॅरिसच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. नियम मोडला की आकडा राहतो, पण तुलना मरते.

वेळ आणि हात

आपल्या देशात भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळांत किमान तापमानाचे वाचन सकाळी ८.३० वाजता आणि दिवसाच्या कमाल तापमानाचे वाचन सायंकाळी ५.३० वाजता घेण्याचा प्रघात आहे. सकाळी साडेआठपर्यंत पहाटेचा गारठा सरलेला असतो व सायंकाळी साडेपाचपर्यंत दुपारचा उकाडा ओसरू लागलेला असतो.

वेळेचा एवढा आग्रह कशासाठी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादा निरीक्षक दिवसातून एकदाच, सायंकाळी पाच वाजता, कमाल तापमापक वाचून झटकतो. वीस तारखेस दुपारी पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता व पाच वाजता हवा अजून ४१ अंशांवर आहे. त्याने ४३ नोंदविले व नळी झटकली; पारा ४१ वर आला. रात्री वळवाचा पाऊस आला आणि एकवीस तारखेस दिवसभर तापमान ३६ अंशांपलीकडे गेले नाही. तरी सायंकाळी पाच वाजता तापमापक ४१ दाखवील, कारण काल पाचनंतरच्या पहिल्याच मिनिटाची आठवण त्याने धरून ठेवली आहे. एक तापलेला दिवस वहीत दोनदा जमा झाला! निरीक्षक प्रामाणिक, यंत्र निर्दोष, आणि तरीही आकडा फसवा. अमेरिकेत विसाव्या शतकात अनेक केंद्रांची वाचनाची वेळ सायंकाळवरून सकाळवर आली, तेव्हा त्या देशाच्या तापमानाच्या जुन्या मालिकेत असाच फरक शिरला व शास्त्रज्ञांना तो परिश्रमपूर्वक हिशेबात घ्यावा लागला.

वेळेनंतर हात. वाचन घेताना डोळा पाऱ्याच्या टोकाच्या समोर हवा. तो वर वा खाली असला तर आकडा बदलतो. माणसाच्या श्वासाची व अंगाची ऊबही तापमापकास लागते, म्हणून आधी अंशाचा दहावा भाग टिपावयाचा व मग पूर्ण अंश, अशी शिस्त आहे. वाचन तत्काळ वहीत लिहावयाचे, स्मरणावर सोडावयाचे नाही. चूक झाली तर ती खोडरबराने पुसावयाची नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावयाचा. वाचन राहून गेले तर तो रकाना कोरा ठेवावयाचा. अंदाजाने भरलेल्या रकान्यापेक्षा कोरा रकाना शास्त्रास अधिक उपयोगी पडतो, कारण तो खोटे बोलत नाही.

वही स्वतःच स्वतःची साक्ष देते. दिवसातील कोणत्याही वेळी साध्या तापमापकाने दाखविलेला आकडा त्या दिवसाच्या कमाल आकड्याहून अधिक असता कामा नये आणि किमान आकड्याहून कमी असता कामा नये. झटकल्यानंतर कमाल तापमापक व साधा तापमापक यांचे आकडे जुळले पाहिजेत. रोजच्या रोज हा ताळा घेणारा निरीक्षक बिघाड दुसऱ्याच दिवशी पकडतो. न घेणारा तो पुढच्या पिढीच्या माथी मारतो.

नव्वद वर्षांची चूक

आता ती पहिली गोष्ट. १३ सप्टेंबर १९२२ रोजी लिबियातील अल् अझीझिया या ठिकाणी ५८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या वेळी लिबियावर इटलीची सत्ता होती व हे केंद्र तिच्या लष्करी ठाण्यात होते. हा आकडा पृथ्वीवरील सर्वोच्च तापमान म्हणून मान्य झाला आणि पाठ्यपुस्तकांत व ज्ञानकोशांत जाऊन बसला. कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो परीक्षेत लिहून गुण मिळविले.

पुढे जागतिक हवामान संघटनेने त्याची फेरतपासणी करण्यासाठी निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांची समिती नेमली. लिबियाच्या हवामान खात्यातील खालिद अल्-फादली हेही तीत होते. चौकशी चालू असतानाच २०११ साली लिबियात क्रांती झाली व काही महिने त्यांच्याशी संपर्क तुटला. परंतु ते सुखरूप परत आले व काम पुरे झाले. समितीपुढे मूळ नोंदवहीची पाने आली. त्यांवर त्याच सुमारास हस्ताक्षर बदललेले दिसले. नवा निरीक्षक नवखा होता. आकडे चुकीच्या रकान्यांत लिहिण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. नेहमीच्या तापमापकाच्या जागी सिक्सच्या पद्धतीचा, बेल्लानी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा तापमापक वापरलेला होता. त्यातील दर्शकाची लांबी सुमारे सात अंशांएवढी होती. पाऱ्याकडील टोकाऐवजी वरचे टोक वाचले, तर आकडा नेमका सात अंशांनी फुगणार! शिवाय केंद्राखालची जमीन वाळवंटाच्या मातीसारखी नसून डांबरासारख्या काळ्या थराची होती, आणि आसपासच्या केंद्रांच्या आकड्यांशी हा आकडा जुळत नव्हता. १३ सप्टेंबर २०१२ रोजी, म्हणजे बरोबर ९० वर्षांनी, संघटनेने तो आकडा रद्द ठरविला. तेव्हापासून अमेरिकेतील डेथ व्हॅली येथे १० जुलै १९१३ रोजी नोंदविलेले ५६.७ अंश हे सर्वोच्च तापमान अधिकृत मानले जाते. तथापि त्याविषयीही काही अभ्यासक शंका घेतात.

त्या नवख्या निरीक्षकास आपण हसू नये. त्यास कोणी नीट शिकविले नव्हते. हसावयाचेच, तर आकडा भव्य आहे म्हणून तो न तपासता उचलून धरणाऱ्या आपणा सर्वांनाच हसावे लागेल.

खऱ्या आकड्याची परीक्षा

दुसरी गोष्ट आपल्या देशातील आहे. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. त्याची इमारत ज्या चौकात आहे, त्यास पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. तेथे १९३२ साली शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग निघाला व त्याची धुरा एल. ए. रामदास या शास्त्रज्ञाकडे आली. रात्री जमिनीलगतची हवा कशी निवते, हे पाहण्यासाठी रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी निरनिराळ्या उंचीवर तापमान मोजले. सर्वांची समजूत अशी, की रात्री जमीन सर्वांत आधी निवते, म्हणून किमान तापमान अगदी जमिनीपाशीच सापडावयाचे. परंतु शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर त्यांना निराळेच दिसले. सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसून, तिच्यापासून वीत-दोन विती वर होती!

१९३२ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांनी ते मानले नाही. मोजण्यात चूक झाली असेल, बाहेरून थंड हवा वाहत आली असेल, असे आक्षेप निघाले. पण पुढे इतर देशांतील निरीक्षकांनी मोजले, तेव्हा त्यांनाही तेच आढळले. जमिनीलगतची हवा स्वतःही वरच्या आकाशाकडे उष्णता टाकीत असते, हे त्यामागील मुख्य कारण होय. या गोष्टीची सविस्तर उपपत्ती बंगळूर येथील रोद्दम नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात मांडली. शास्त्रीय ग्रंथांत या थरास आज 'रामदास थर' असे नाव आहे.

दोन्ही आकडे चमत्कारिक होते. एकाचे स्वागत झाले व तो पडला. दुसऱ्याचा उपहास झाला व तो उभा राहिला. फरक कोठे होता? पहिला एकदाच, एका हाताने, एका दिवशी घेतलेला होता व त्यास शेजारच्या आकड्यांचा आधार नव्हता. दुसरा पुनःपुन्हा मोजलेला होता आणि कोणीही पुन्हा मोजून पाहावा असा होता. आश्चर्यकारक आकडा खोटाच असतो असे नाही. पण त्याने परीक्षेस बसले पाहिजे.

यंत्रे बदलली, नियम तोच

आज पाऱ्याचे दिवस सरत आले आहेत. पारा विषारी असल्यामुळे त्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ साली झाला व २०१७ मध्ये अमलात आला. अनेक ठिकाणी आता प्लॅटिनमच्या बारीक तारेतील विद्युत्‌रोध मोजून तापमान काढणारे स्वयंचलित केंद्र असते. ते क्षणाक्षणाचे तापमान आपोआप कळविते व कमाल-किमान आकडे स्वतःच निवडते. रानावनात, डोंगरावर, जेथे माणूस रोज जाऊ शकत नाही तेथे याचा मोठा उपयोग होतो.

परंतु यंत्रासही आजार होतात. २९ मे २०२४ रोजी दिल्लीजवळील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखविले. भारतात अधिकृतपणे नोंदले गेलेले सर्वोच्च तापमान राजस्थानातील फलोदी येथील ५१.० अंश, १९ मे २०१६ रोजीचे. तेव्हा नवा उच्चांक झाला म्हणून देशभर गवगवा झाला. हवामान खात्याने तेथे प्रमाणित उपकरण नेऊन ताडून पाहिले, तेव्हा केंद्राचे उपकरण सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. त्याच सुमारास नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले. तोही उपकरणाचा दोष ठरला. अल् अझीझियाच्या आकड्यास ९० वर्षे लागली, येथे काही दिवसांत निकाल लागला. कारण या वेळी तपासणी लगेच झाली.

उपकरणांच्या या प्रामाण्यासाठी झटलेल्या एका शास्त्रज्ञ महिलेचे नाव येथे घेतलेच पाहिजे. अन्ना मणी (१९१८-२००१) या स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, हवामान खात्यात आल्या. त्या काळी साधीसुधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. पुण्याच्या कार्यशाळेत त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे नमुने व आराखडे ठरवून दिले आणि ती आपल्या देशात तयार होऊ लागली. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते.

एवढा खटाटोप कशासाठी?

कोणी म्हणेल, अर्ध्या अंशाने इकडेतिकडे झाले तर काय बिघडते? पुष्कळ बिघडते. पहाटेचे किमान तापमान गोठणबिंदूजवळ जाणार असे आदल्या दिवशी कळले, तर शेतकरी संध्याकाळी शेतास पाणी देऊन वा धूर करून पीक वाचवितो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमानपक्षी ४० अंश असून ते नेहमीच्या सरासरीहून ४.५ अंश वा अधिक वर गेले, म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट धरते. ही 'नेहमीची सरासरी' कोठून येते? तीस वर्षे, रोज, कोणीतरी न चुकता लिहिलेल्या आकड्यांतून.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची भयंकर लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेस तोंड देण्याची योजना आखली. तापमान ठराविक मर्यादेपलीकडे जाणार असे दिसताच लोकांना इशारा द्यावयाचा, पाणपोया व थंड जागा खुल्या करावयाच्या, रुग्णालये सज्ज ठेवावयाची. पुढे इतर अनेक शहरांनी हा कित्ता गिरविला. म्हणजे पेटीतल्या त्या आकड्यावर रस्त्यावरील हमालाचा, बांधकामावरील मजुराचा व दारोदार फिरणाऱ्या फेरीवाल्याचा जीव अवलंबून आहे. किमान आकडाही येथे तितकाच महत्त्वाचा. रात्र निवली नाही तर दिवसभर तापलेल्या शरीरास विसावा मिळत नाही. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे ज्या पुराव्यावरून कळले, त्यातही रोजच्या या दोन आकड्यांचा वाटा फार मोठा आहे.

शाळेची वही

शेवटी, आपण काय करू शकतो? शाळेच्या मैदानात गवताच्या तुकड्यावर, भिंतीपासून दूर, झिलमिलीची एक पांढरी पेटी सुताराकडून करवून घेणे अवघड नाही. तीत कमाल-किमान तापमापक ठेवावा. मुलांनी पाळीपाळीने रोज एका ठरलेल्या वेळी वाचन घ्यावे व दोघांनी स्वतंत्रपणे वाचून आकडे जुळवावेत. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, आकाशाची स्थिती व वाचणाऱ्याची सही असावी. पेटी हलविली, तापमापक बदलला किंवा शेजारी नवी खोली बांधली, तर तेही तारखेसह लिहावे. महिनाअखेर आपल्या आकड्यांचा आलेख हवामान खात्याच्या आकड्यांशेजारी काढावा. दोहोंत फरक दिसेल. त्याचे कारण शोधण्यात जे शिक्षण आहे ते पुस्तकात मिळणार नाही.

सुट्टीतही ही वही बंद पडू नये. एक वर्षाची वही कुतूहलाची वस्तू असते; दहा वर्षांची वही अभ्यासाची होते; तीस वर्षांची वही म्हणजे गावाच्या हवेचा इतिहास. ती पुरी होईल तेव्हा तिची पहिली पाने लिहिणाऱ्यांची मुले कदाचित याच शाळेत शिकत असतील. त्यांना त्या पानांवर मोठे आकडे दिसले नाहीत तरी चालेल, पण खरे आकडे दिसले पाहिजेत. आणि एखाद्या पावसाळी सकाळी कोणास येता आले नसेल, तर तेथे एक कोरा रकाना दिसावा. त्या कोऱ्या रकान्यामुळेच वहीतील उरलेल्या साऱ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसेल.